कूलरच्या घरघरीतून ऐकू येणारे गाणे

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण खानदेशाच्या वाट्याला ते लगेच आले नाही. तापी, गिरणा आणि पांझरेच्या काठच्या गावांपर्यंत टीव्ही खऱ्या अर्थाने पोचला तो १९८० च्या दशकात, उपग्रहामार्फत कार्यक्रम येऊ लागले आणि ठिकठिकाणी लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले त्यानंतर. तेव्हा गल्लीत एखाद्याच घरी संच असायचा आणि त्याच्यासमोर चार घरांची माणसे बसायची. लाकडी शटरच्या पेटीतल्या त्या कृष्णधवल संचाला तळहाताएवढा एकच स्पीकर असे. जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्यामुळे खिडकीत कूलर घरघरतोय, डोक्यावर पंखा फिरतोय, स्वयंपाकघरात भांडी वाजताहेत, पोरे कालवा करताहेत, अशा वातावरणात तो स्पीकर बोलायचा. तरीही त्या पेटीतून आलेली काही शीर्षकगीते लोकांच्या कानांत अशी बसली की आज पन्नाशी-साठीत असलेल्या माणसाला त्यातला एक सूर ऐकवला तरी तो मालिकेचे नाव सांगतो. याचे श्रेय आपण चालीला, शब्दांना आणि सरलेल्या बालपणाला देतो. ते चूक नाही, पण अपुरे आहे. ही गाणी टिकली त्यात ती कशी ध्वनिमुद्रित केली गेली याचाही मोठा वाटा आहे. लहान स्पीकर, गजबजलेले घर, जेमतेम मिनिटभराची वेळ आणि तुटपुंजे पैसे अशा चार अडचणींतून वाट काढताना संगीतकारांनी आणि ध्वनिमुद्रकांनी ज्या युक्त्या शोधल्या, त्यांनीच या गाण्यांना त्यांचा चेहरा दिला.

आधी अडचण नेमकी कुठे होती ते पाहू. जुन्या टीव्हीचा आवाज फुसका होता याचा दोष अनेकदा प्रक्षेपणाला दिला जातो, पण तो प्रक्षेपणाचा नव्हता. त्या काळच्या पद्धतीत टीव्हीचा ध्वनी एफएम तंत्राने जायचा आणि सुमारे १५,००० हर्ट्‌झपर्यंतचे सूर त्यातून नीट पोचू शकत. माणसाच्या कानाची मर्यादा साधारण २० ते २०,००० हर्ट्‌झ आहे, म्हणजे वाहतुकीचा रस्ता पुरेसा रुंद होता. अडत होते ते शेवटच्या टप्प्यावर. तीन-चार इंची स्पीकरला खर्जातली हवा हलवता येत नाही; साधारण दीडशे-दोनशे हर्ट्‌झच्या खाली तो जवळपास मुका होतो. त्यात पंखा आणि कूलरच्या घरघरीचा जोर खालच्या पट्टीत असतो, आणि खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकोळून टाकतो हा आपल्या कानाचा गुणधर्म आहे. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली: आवाज हळू असला की कानाला खर्ज अधिकच कमी ऐकू येतो, उलट दोन ते पाच हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात कान सर्वांत तिखट असतो. बाजारात भाजीवाली आरोळी देते ती खालच्या सुरात देत नाही; रहदारीच्या आवाजाच्या वरची पट्टी ती बरोबर पकडते. टीव्हीच्या शीर्षकगीतालाही हेच करावे लागते. ओट्यावर बसलेल्याला, चुलीपाशी असलेलीला, शेजारच्या घरातल्यांना ‘सुरू झाले, या’ असे सांगायचे त्याचे काम आहे. सनई, बासरी, संतूर, व्हायोलिन आणि स्त्रीचा मोकळा आवाज या गाण्यांत पुढे दिसतात, ते नुसते आवडीमुळे नव्हे.

मग खर्जाचे काय? तो सोडून द्यायचा? इथे मानवी मेंदूच संगीतकाराच्या मदतीला येतो. कोणत्याही वाद्याचा सूर एकटा नसतो. त्याच्यासोबत दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वरांश वाजत असतात. समजा मूळ सूर ८० हर्ट्‌झचा आहे. त्याचे स्वरांश १६०, २४०, ३२०, ४०० असे चढत जातात. छोटा स्पीकर ८० आणि १६० गिळून टाकतो, पण २४०, ३२०, ४०० बाहेर सोडतो. या तिघांत दर वेळी ८० चेच अंतर आहे हे मेंदू ओळखतो आणि हवेत नसलेला ८० चा सूर स्वतःच भरून काढतो. म्हणून ध्वनिमुद्रकाने खर्जाचे वाद्य असे निवडायचे की त्याचे वरचे स्वरांश भरघोस असतील, आणि मिश्रण करताना तेच उचलून धरायचे. आपल्या तालवाद्यांना तर ही देणगी बनावटीतच मिळाली आहे. साध्या कातड्याच्या ढोलाचे स्वरांश एकमेकांशी विसंगत असतात, त्यामुळे त्यातून नेमका सूर लागत नाही. तबला आणि मृदंग यांच्या मधल्या शाईमुळे हे स्वरांश एक, दोन, तीन, चार अशा सरळ पटींत येतात, हे सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. डग्ग्याचा घुमारा टीव्हीच्या पेटीत बराचसा हरवतो, पण दायाँवरच्या बोलांचा सुरेल टणत्कार जिवंत राहतो. महागडे यंत्र नसतानाही आपल्याकडची साधी तबला-ढोलकी छोट्या स्पीकरवर इतकी स्वच्छ का वाजते, याचे उत्तर बरेचसे त्या काळ्या शाईच्या ठिपक्यात आहे.

ध्वनीचा हा वरचा पोत ओळखीसाठी किती महत्त्वाचा असतो याचा पुरावा प्रयोगातून मिळतो. ग्लेन शेलेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात श्रोत्यांना त्या वेळच्या लोकप्रिय गाण्यांचे फक्त एक दशांश आणि दोन दशांश सेकंदाचे तुकडे ऐकवले. एवढ्या वेळात चाल उलगडतच नाही. एखादा स्वरही पुरा होत नाही. तरीही नुसत्या अंदाजाने जेवढी उत्तरे बरोबर यावीत त्याहून कितीतरी जास्त उत्तरे बरोबर आली. तुकड्यातले खालचे सूर काढून टाकले तरी ओळख टिकली. वरचे सूर काढले, किंवा तुकडा उलटा वाजवला, की ती कोलमडली. म्हणजे गाणे आपण पहिल्यांदा ओळखतो ते चालीवरून नव्हे, तर आवाजाच्या पोतावरून, आणि तो पोत वरच्या स्वरांशांत व सुराच्या सुरुवातीच्या झटक्यात साठलेला असतो. आता हे निष्कर्ष त्या तळहाताएवढ्या स्पीकरशेजारी ठेवून पाहा. स्पीकर जे गिळतो ते ओळखीसाठी फारसे लागत नाही, आणि तो जे बाहेर सोडतो त्यावरच ओळख उभी असते. ज्याने ध्वनिमुद्रण करताना आपली सगळी मेहनत त्या वरच्या पट्ट्यात आणि पहिल्या क्षणात ओतली, त्याचे गाणे टिकण्याची शक्यता वाढली.

महाराष्ट्रात ही मेहनत ज्या शाळेत शिकली गेली ती म्हणजे मुंबईतली जिंगलची, म्हणजे जाहिरातगीतांची दुनिया. दहा, वीस किंवा तीस सेकंद मिळायचे; त्यातच चाल, मालाचे नाव आणि शेवटचा ठसा बसवायचा. वादक पाळीच्या हिशेबाने यायचे, स्टुडिओचे भाडे तासावर चालायचे. काळा घोडा भागातल्या वेस्टर्न आउटडोअरसारख्या स्टुडिओत, दमन सूद यांच्यासारख्या ध्वनिमुद्रकांच्या हाताखाली, अनेक ट्रॅकवर वेगवेगळे थर टिपून मग ते एकत्र करण्याची पद्धत रुळली. अशोक पत्की या शाळेतले अग्रणी. हजारो जिंगल बांधलेल्या या संगीतकाराने ‘गोट्या’, ‘आभाळमाया’, ‘वादळवाट’ अशा मालिकांची शीर्षकगीते दिली, साक्षरता अभियानासाठी घराघरांत पोचलेले ‘पूरब से सूर्य उगा’ही त्यांचेच. हा निव्वळ योगायोग मानता येणार नाही. चित्रपटगीताच्या संगीतकाराला प्रस्तावनेसाठी अर्धे मिनिट घेण्याची सवय असते; जिंगलवाल्याला पहिल्या दोन सेकंदांत श्रोत्याचा कान धरावा लागतो. शिवाय जिंगलवाला आपले मिश्रण मोठ्या स्पीकरवर ऐकून समाधान मानत नाही. जगभरच्या स्टुडिओत १९७० च्या दशकापासून ऑराटोन नावाचा साधारण पाच इंची, चौकोनी, अगदी सामान्य आवाजाचा स्पीकर मिश्रणाच्या टेबलावर दिसू लागला. त्याचे काम एकच: हे गाणे रेडिओवर, मोटारीत, टीव्हीवर कसे लागेल ते सांगणे. त्यावर जे टिकेल तेच पुढे जायचे.

या शिस्तीतून काय निघाले ते ‘आभाळमाया’त ऐकता येते. १९९९ मध्ये अल्फा मराठी वाहिनीवर आलेल्या या मालिकेचे शब्द मंगेश कुळकर्णी यांचे आणि आवाज देवकी पंडित यांचा. वाद्यमेळाचा डामडौल न करता सगळा भार एका आवाजावर टाकला आहे. शास्त्रीय बैठकीचा, स्वच्छ उच्चारांचा हा आवाज बरोबर कान तिखट असलेल्या पट्ट्यात बसतो, आणि शब्दांची व्यंजने घरातल्या गलबल्यातूनही वेगळी निघतात. तिकडे शंकर नाग यांच्या ‘मालगुडी डेज’साठी एल. वैद्यनाथन यांनी शब्दच टाळले. अर्थ नसलेल्या अक्षरांवर गुणगुणलेली ती धून कानडी, मराठी, हिंदी कोणत्याही घरात सारखीच आपली वाटली. दोन्ही उदाहरणांत निर्णय उलट आहेत, एकात शब्द पुढे, दुसऱ्यात शब्द गायब, पण विचार एकच: माणसाचा कंठ हे छोट्या स्पीकरवर सर्वांत खात्रीने पोचणारे वाद्य आहे. आपला कान जन्मापासून माणसाचा आवाज गोंगाटातून वेगळा काढायला शिकलेला असतो. ‘महाभारत’च्या सुरुवातीचा शंख आणि महेंद्र कपूर यांचा उंच, भरदार स्वर यांनाही हाच नियम लागू पडतो. शंखाचा आवाज एकाएकी उठतो आणि स्वरांशांनी गच्च भरलेला असतो. २ ऑक्टोबर १९८८ पासून पुढे दर रविवारी सकाळी त्याने गल्ल्या रिकाम्या केल्या. तोच शंख हळूहळू चढत्या आवाजात, दूरवरून आल्यासारखा टिपला असता तर त्याचा दरारा उरला नसता.

पैशांच्या चणचणीतून आलेली सर्वांत फलदायी युक्ती म्हणजे आवाजावर आवाज चढवणे. चार गायकांना बोलावून तेच कडवे तीनदा गाऊन घ्यायचे आणि तिन्ही थर एकत्र वाजवायचे. प्रत्येक वेळी सुरात, श्वासात, शब्दाच्या सुरुवातीत केसभर फरक पडतो, आणि त्या फरकामुळेच चौघांचा घोळका मोठ्या समूहासारखा भासतो. अमेरिकेत १९६४ मध्ये ‘द अॅडम्स फॅमिली’ मालिकेच्या वेळी निर्मात्यांनी गायकांचा खर्च नाकारला, तेव्हा संगीतकार व्हिक मिझी यांनी स्वतःचाच आवाज तीन थरांत मुद्रित केला आणि तालासाठी चुटक्या वापरल्या. चुटकी हा तर छोट्या स्पीकरसाठी जणू हातचाच आवाज: क्षणार्धात उठणारा, वरच्या पट्ट्यातला, फुकटचा. आपल्याकडे ‘भारत एक खोज’साठी वनराज भाटिया यांनी ऋग्वेदातले नासदीय सूक्त समूहस्वरात बांधले, आधी संस्कृतात आणि मग वसंत देव यांच्या हिंदी रूपात. शब्द कळो न कळो, अनेक कंठांचा तो एकवटलेला भार ५३ भागांच्या मालिकेची उंची पहिल्याच क्षणी ठरवून टाकतो. १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवर आलेले ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ शीर्षकगीत नसले तरी त्याच घराण्यातले आहे. पंडित भीमसेन जोशी आणि अशोक पत्की यांचा चालीत वाटा, लुई बँक्स यांचे संगीत संयोजन, भैरवीचा एकच धागा. इतके कलाकार एका वेळी एका खोलीत आणणे अशक्य होते. पण लय आणि आधारस्वर आधीच पक्का बांधून ठेवला की वेगवेगळ्या वेळी टिपलेले आवाज एकाच श्वासात गायल्यासारखे जोडता येतात. या थरांत एक पथ्य मात्र पाळावे लागे. घरोघरचे संच एकाच स्पीकरचे होते. आवाज रुंद वाटावा म्हणून डाव्या-उजव्या बाजूंच्या लहरी यंत्राने उलटसुलट केल्या, तर एका स्पीकरवर त्या एकमेकींना खोडून काढतात आणि गाणे पोकळ होते. माणसाने खरोखर पुन्हा गायलेला थर असा नाहीसा होत नाही. म्हणून कमी पैशांतली ती जुनी पद्धतच टीव्हीसाठी अधिक भरवशाची ठरली.

ध्वनिमुद्रण हाच रचनेचा गाभा असू शकतो याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण ब्रिटनमधले आहे. १९६३ मध्ये बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेसाठी रॉन ग्रेनर यांनी कागदावर धून लिहिली, आणि ती प्रत्यक्षात आणण्याचे काम बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमधल्या डेलिया डर्बीशायर यांच्याकडे आले. त्यांच्याजवळ सिंथेसायझर नव्हता, अनेक ट्रॅकचे यंत्रही नव्हते. ताणलेली एक तार छेडून तिचा आवाज टिपला, चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्रांचे सरळ सूर आणि नुसती खरखर घेतली, फितीचा वेग कमी-जास्त करून त्यांतून हवे ते स्वर काढले, आणि मग ब्लेडने फीत कापून एकेक स्वर जोडला. स्टुडिओत फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने धावते असे धरले, तर पाव सेकंदाचा स्वर म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर फीत. लय साधायची म्हणजे पट्टीने मोजून कापायचे. एका सेंटिमीटरची चूक म्हणजे सेकंदाचा अडतिसावा भाग, आणि तेवढी घसरण कानाला खटकते. असे तयार केलेले वेगवेगळे थर नंतर अनेक यंत्रे एकाच क्षणी चालू करून जुळवले. ग्रेनर यांना ते इतके भावले की मानधनातला निम्मा वाटा डर्बीशायर यांना मिळावा असे त्यांनी सुचवले. बीबीसीच्या नियमांत ते बसले नाही. १९६० मध्ये ‘द ट्वायलाइट झोन’ या अमेरिकी मालिकेची प्रसिद्ध धूनही कात्रीतूनच जन्मली. मारियस कॉन्स्टंट यांनी ध्वनिसंग्रहासाठी आधी लिहून ठेवलेले दोन वेगवेगळे तुकडे जोडून ती केली गेली. एका बैठकीत कोणी ती बांधलीच नव्हती, तरी ऐकणाऱ्याला ती अखंड वाटते.

इथे एक वाजवी आक्षेप निघतो. छोट्या स्पीकरवर खर्ज पोचत नाही म्हणता, मग ज्या धुनांचा जीवच खर्जात आहे त्या कशा गाजल्या? ‘डॉक्टर हू’ची ओळख तर तिच्या खालच्या ठेक्याने होते, आणि १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘साइनफेल्ड’ या मालिकेची धून बास गिटारच्या आवाजावर उभी आहे. बारकाईने ऐकले तर हा आक्षेप मूळ मुद्द्यालाच बळ देतो. डर्बीशायर यांनी तार छेडली; तिच्या झटक्यात आणि झणत्कारात वरचे स्वरांश ओतप्रोत असतात, आणि मेंदू त्यावरून खालचा सूर भरून काढतो. ‘साइनफेल्ड’मध्ये जोनाथन वुल्फ यांनी बासची तार थापटून काढल्यासारखा आवाज वापरला आणि त्याला तोंडाने काढलेले टिचकीचे, टाळूचे आवाज जोडले. नायक त्या वेळी विनोदी निवेदन करत असतो. त्याच्या बोलण्याच्या पट्ट्यात संगीताने अडथळा आणू नये म्हणून त्यांनी आवाजाच्या खाली आणि आजूबाजूला जागा शोधली, आणि प्रत्येक भागातल्या बोलण्याच्या लांबीप्रमाणे धून नव्याने जुळवली. खर्जाचा आभास दिला, पण पोचवले ते वरचे थापटणे. ‘द एक्स फाइल्स’च्या मार्क स्नो यांचा १९९३ मध्ये धून शोधताना प्रतिध्वनीची सोय चालू असलेल्या कीबोर्डवर हात पडला; तो आवाज आवडून त्यांनी ठेवून घेतला, वर शिट्टीची सुरावट घातली, यंत्रातल्या शिट्टीला आपल्या पत्नीची खरी शिट्टी जोडून. शिट्टी म्हणजे वरच्या पट्ट्यातला जवळजवळ एकटा सूर. ती कोणत्याही पेटीतून, कोणत्याही गोंगाटातून पार होते.

याहून मोठा आक्षेप आठवणीच्या स्वरूपाबद्दल आहे. वाहिनी एकच होती, गाणे आठवड्यानुआठवडे वाजत होते, आणि ऐकणारे लहान होते. अशा परिस्थितीत काहीही लक्षात राहिले असते, असे म्हणता येईल. नुसत्या पुनःपुन्हा भेटीने एखादी गोष्ट आवडू लागते हे रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवले आहे, तेव्हा आक्षेपात दम आहे. पण पुनरावृत्ती सगळ्यांच्याच वाट्याला आली होती. त्याच वाहिनीवर, त्याच वर्षांत, तितक्याच वेळा वाजलेल्या कितीतरी मालिकांच्या धुना आज कोणाला आठवत नाहीत. नावे आठवतात, नट आठवतात, सूर आठवत नाही. सगळ्यांना सारखे मिळालेले कारण निकालातला फरक समजावून देऊ शकत नाही. पुनरावृत्ती ही गरजेची अट आहे, पुरेशी नव्हे. दुसरे असे की पुनरावृत्तीचा फायदा मिळायलाही आवाज दर वेळी नेमका तसाच कानावर पडावा लागतो. शीर्षकगीत हे गायकाने मैफलीत दर वेळी नव्याने खुलवायचे गाणे नव्हे. तीच फीत, तोच श्वास, तोच ठेका शेकडो वेळा. म्हणून त्यातली प्रत्येक बारीक खूण, एखादा घुंगरू, एखादी मींड, श्रोत्याच्या मनात कोरली जाते. खूणच नसेल तर कोरायचे काय?

तिसरा आक्षेप चालीच्या बाजूने येतो. शेवटी मोठेपण रागाचे आणि रचनेचे, ध्वनिमुद्रण म्हणजे वरचा वर्ख, असे अनेक जाणकारांना वाटते. यासाठी आकाशवाणीची संकेतधून पाहावी. नाझींच्या भीतीने मध्य युरोप सोडून मुंबईत आश्रयाला आलेल्या वॉल्टर कॉफमन यांनी १९३० च्या दशकात ती बांधली. शिवरंजनी रागाचा रंग, मेहली मेहता यांचे व्हायोलिन आणि मागे तंबोरा. जळगाव आकाशवाणीची सकाळही पिढ्यान्‌पिढ्या याच सुरांनी उजाडली. स्वरावली अगदी छोटी आहे, पेटीवर कोणीही वाजवू शकेल. पण पेटीवर वाजवली तर ती ‘आकाशवाणीची धून वाजवतोय’ अशी ओळखली जाईल. तंबोऱ्याच्या झंकारावर व्हायोलिन उठताच मात्र ओळखायला वेळच लागत नाही, आकाशवाणी साक्षात समोर येते. १९७६ मध्ये दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले तेव्हा पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांनी दिलेल्या संकेतधुनीतही सनईचा तो लांबवत नेलेला सूर बाजूला काढला तर उरते ते स्वरलेखन. चालीला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. कमकुवत चाल कोणत्याही युक्तीने वाचत नाही. पण या प्रकारात चाल आणि तिचा आवाज यांची फारकत करता येत नाही, आणि म्हणून ध्वनिमुद्रक हा निव्वळ यंत्र चालवणारा नसून रचनेतला भागीदार ठरतो. मालिकेच्या श्रेयनामावलीत त्याचे नाव संगीतकाराच्या शेजारी यायला हवे, ते खाली कुठेतरी पळत्या अक्षरांत येते, हा अन्याय आहे.

आता भिंतीवर मोठे पडदे आले, दोन-चार स्पीकरचे संच आले आणि शीर्षकगीत ओलांडून जाण्याची कळही हाताशी आली, तेव्हा हे सगळे इतिहासजमा झाले असे कोणी म्हणेल. प्रत्यक्षात स्पीकर पुन्हा लहान झाला आहे. आज बहुतेक गाणी पहिल्यांदा मोबाइलवर ऐकली जातात, आणि मोबाइलचा स्पीकर १९८५ च्या टीव्हीपेक्षाही बारीक असतो. ओलांडण्याची कळ तर जिंगलवाल्यांच्या पहिल्या दोन सेकंदांच्या नियमाला अधिकच धार आणते. जळगाव जिल्ह्यातल्या धानवडच्या संजू राठोड यांचे ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये देशाबाहेरही पोचले, ते आधी काही सेकंदांच्या रीलमधून. अहिराणी गाण्यांची तर मोठी लाट खानदेशात आहे. घरातल्या एका खोलीत संगणक, एक मायक्रोफोन आणि भिंतीला गाद्या लावून उभे केलेले छोटे स्टुडिओ लग्नसराईच्या आधी रात्रंदिवस चालतात. या गाण्यांना दोन टोकांचे श्रोते आहेत: मिरवणुकीतला डीजे, जिथे खर्ज छातीवर आदळतो, आणि खिशातला मोबाइल, जिथे खर्ज नाहीच. पुष्कळदा मिश्रण फक्त डीजेसाठी केले जाते आणि मोबाइलवर तेच गाणे कोरडे, पातळ, बाकीच्या शंभर गाण्यांसारखे वाटते. यावरचा उपाय जुन्या शीर्षकगीतांनी शोधून ठेवला आहे. ठेक्याला खर्जासोबत वरचा झटकाही द्यावा, समूहाचा आवाज यंत्राने न फुगवता माणसांकडून पुन्हा गाऊन घ्यावा, आणि शेवटचा निकाल मोबाइलवर, पंखा चालू ठेवून, ऐकून द्यावा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्वतःचा पोत निवडावा. संगणकात तयार मिळणारे सूर सगळ्या जगाला सारखे मिळतात, त्यामुळे त्यांतून ओळख घडत नाही. सातपुड्यातल्या आदिवासींची, भोपळा आणि बांबूच्या नळ्यांची पावरी, संबळ, कानबाईच्या उत्सवात बाया एका सुरात म्हणतात ती गाणी आणि त्यांतला तो उंच, खुल्या गळ्याचा आवाज, हे सारे ध्वनी बरोबर त्या पट्ट्यात बसतात जिथे छोटा स्पीकर आणि माणसाचा कान दोघेही आपल्या बाजूने असतात. पावरीचा एक सेकंद पुरेल. ऐकणाऱ्याला हे खानदेशातले आहे हे कळायला चाल सुरू होण्याचीही गरज पडणार नाही. उद्या अहिराणीत मालिका होईल, वेबवर किंवा टीव्हीवर, तेव्हा तिच्या निर्मात्याने शीर्षकगीताचा खर्च वाचवायला तयार धून विकत घेऊ नये. पैसे थोडे असतील तर डर्बीशायर यांच्याकडे एक तार आणि ब्लेड होते, मिझी यांच्याकडे स्वतःचा गळा आणि चुटक्या होत्या, आणि मुंबईच्या जिंगलवाल्यांकडे घड्याळावर चालणारी एक पाळी होती. त्यांची गाणी साधनांच्या श्रीमंतीवर टिकली नाहीत. आपला श्रोता कुठे बसला आहे, त्याच्या कानाशी कोणता गोंगाट आहे आणि त्याच्या हातातला स्पीकर काय सोडतो, काय गिळतो, याचा त्यांनी सुरुवातीलाच विचार केला. तेवढा विचार करायला मोठा स्टुडिओ लागत नाही, आणि तो केल्याशिवाय कितीही मोठा स्टुडिओ उपयोगाचा नाही.